चौदा बाय सहा

माझ्याकडे विमान एकच आहे आणि पंखे नऊ. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, आजोबांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले. प्रत्येकाच्या मधल्या भागाशी दोन आकडे असतात : १३×६, १३×८, १४×६, १५×४, १५×६. पहिला आकडा व्यासाचा, दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. बोलताना आम्ही ‘तेरा बाय आठ’, ‘चौदा बाय सहा’ असं म्हणतो. भोसरीच्या टूलरूममध्ये सव्वीस वर्षं मी मिलिमीटरमध्ये काम केलं, मायक्रॉनवरून वाद घातले, पण रिमोटच्या विमानांची दुनिया अजून इंचांवरच चालते.

या नऊ पंख्यांपैकी आज विमानावर जो बसलाय, तो मी विकत घेतलेला दुसराच पंखा. पहिल्यानंतर महिन्याभरात आणला, दोन रविवार लावला, काढून ठेवला आणि मग पुढचे सात आणत राहिलो. त्यात सहा वर्षं गेली. त्या सहा वर्षांत मी काय चुकीचं शोधत होतो, ते मला नीट मांडायचंय, कारण रविवारी माळावर येणाऱ्या नव्या पोरांना मी तेच शोधताना बघतो.

विमान म्हणजे पिवळी पायपर कब. वर बसवलेला सरळ पंख, पोटाच्या बाजूने काळी विजेसारखी रेघ, शेपटीखाली एक लहानसं चाक. खऱ्या कबची ही प्रतिकृती पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत दोन मीटर भरते आणि टाकी भरल्यावर पावणेचार किलोच्या आसपास जाते. बाल्सा आणि प्लायचा सांगाडा मी आमच्या गॅलरीत दोन पावसाळ्यांत उभा केला. नाकात पंधरा सीसीचं फोर-स्ट्रोक ग्लो इंजिन आहे, म्हणजे ठिणगीऐवजी प्लगमधल्या तापलेल्या तारेवर पेटणारं, जपानी, सेकंडहँड घेतलेलं. त्यावर ०.९१ असा आकडा आहे, तो घनइंचांचा.

हे फोर-स्ट्रोक प्रकरण ज्यांनी कधी जवळून ऐकलं नाही, त्यांना आवाजाने समजावणं सोपं. टू-स्ट्रोक म्हणजे लूना किंवा जुनी चेतक. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट, त्यामुळे आवाज चिरका आणि सलग. फोर-स्ट्रोक म्हणजे बुलेट. दोन फेऱ्यांत एकच स्फोट, म्हणून आवाज खालच्या पट्टीतला, डगडग करत येणारा. मॉडेलच्या इंजिनांमध्ये टू-स्ट्रोकचंच राज्य होतं. जपानच्या ओएस कंपनीने १९७६ साली एफएस-६० हे फोर-स्ट्रोक बाजारात आणलं आणि तिथून हा आवाज जगभरच्या मैदानांवर ऐकू यायला लागला. माझ्या पहिल्या विमानावर ०.४६चं टू-स्ट्रोक होतं. अकरा बाय सहाचा पंखा लावून ते मिनिटाला बारा हजारांच्या वर फिरायचं. फोर-स्ट्रोकला एवढं धावायला आवडत नाही. त्याचा जोर खालच्या फेऱ्यांत असतो, आठ ते दहा हजारांत. तिथे त्याला मोठा पंखा द्यायचा, म्हणजे ते आनंदाने ओढतं.

मोठा म्हणजे किती, हा प्रश्न मात्र तिथेच उभा राहतो. माझ्या इंजिनासोबत आलेल्या कागदावर चार-पाच मापं दिली होती आणि सगळीच चालतील असं लिहिलं होतं. त्यातलं मी तेरा बाय आठ निवडलं. कारण अगदी साधं होतं. मला वाटलं, पिच म्हणजे वेग, आणि वेग असलेला बरा.

पिच हा शब्द आमच्या धंद्यातलाच. बोल्टच्या आट्यांमधलं अंतर म्हणजे पिच. बोल्ट एक पूर्ण फेरा फिरवला की तो तेवढाच पुढे सरकतो. पंख्याचंही तसंच : आठ इंच पिचचा पंखा लोण्यात फिरला असता तर एका फेऱ्याला आठ इंच पुढे गेला असता. हवा लोण्यासारखी नसते, ती निसटते, पण हिशेबाला तेवढं धरून चालतं. नऊ हजार फेरे गुणिले आठ इंच म्हणजे ताशी जवळजवळ ११० किलोमीटर. सहा इंचाचा पंखा तेवढ्याच फेऱ्यांना ८२ देतो. कागदावर ११० बघितल्यावर ८२ कोण घेईल?

आम्ही उडवतो तो माळ दिवेघाट चढून सासवडकडे जाताना आत लागतो. खाली मस्तानी तलाव, वर आलं की मोकळं आभाळ आणि लोहगावच्या विमानांपासून लांब. जमीन एका शेतकरी दादांची. त्यांच्या परवानगीने आम्ही ऐंशी-पंच्याऐंशी पावलांची एक पट्टी दगडगोटे वेचून साफ केली आहे. पट्टीच्या एका टोकाला बाभळी आहेत, दुसऱ्या टोकाला दगडी बांध आणि पलीकडे सीताफळाची बाग. म्हणजे उतरायचं ते बाभळींवरून आणि थांबायचं ते बांधाच्या आत.

तेरा बाय आठ लावून कब उडाली, सुरेख उडाली. उतरायला मात्र तयार होईना. थ्रॉटल पूर्ण खाली घेतला तरी ती पट्टीवर हातभर उंचीवर तरंगत राहायची, जणू खाली कुणी गादी धरली आहे, आणि बांध जवळ यायला लागायचा. तिसऱ्या रविवारी ती बांधाला लागली. पुढच्या चाकांचा दांडा वाकला, इंजिन जिच्यावर बसतं त्या फळीला, फायरवॉलला, चीर गेली. चूक माझ्या उतरवण्याची आहे असं सगळ्यांनी मानलं, मीही मानलं.

दुरुस्तीच्या महिन्यात मी चौदा बाय सहा मागवला, तोही केवळ कागदावर त्याचं नाव होतं म्हणून. लावला, इंजिन चालू केलं आणि टॅकोमीटर धरला. हे यंत्र पात्यांमधून येणाऱ्या उजेडाची उघडझाप मोजतं आणि फेरे दाखवतं. आधीच्या पंख्याला नऊ हजार शंभरच्या आसपास आकडा यायचा. या पंख्यालाही तोच. मी आकडा तीनदा घेतला. एक इंच मोठा पंखा लावला तर फेरे कमी व्हायला हवेत, एवढी साधी समज मला होती. मी ठरवून टाकलं की टॅकोमीटर बिघडलाय.

ते तपासायची एक युक्ती आहे. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उघडझाप करते. मिनिटाला सहा हजार. दोन पात्यांचा पंखा एका फेऱ्यात उजेड दोनदा अडवतो, म्हणून यंत्र दोन पात्यांवर ठेवून ट्यूबकडे धरलं की बरोबर तीन हजार दिसायला हवेत. स्वयंपाकघरात अजून तशी एक ट्यूब आहे. तिच्याखाली उभं राहून बघितलं : ३०००. काट्यावर काटा. यंत्र बिघडलेलं नव्हतं.

दोन पंखे, एक लांब आणि एक तोकडा, आणि इंजिनाला दोन्ही सारखेच. मला हे पटेना. आणि उडवताना चौदा बाय सहा मला मंद वाटला. सरळ रेषेत आधीसारखी धाव नाही. दोन रविवारांत काढून ठेवला आणि आणखी ‘चांगला’ पंखा शोधायला लागलो.

आमच्यात एक काका आहेत, खडकीच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले. माझ्या कॉलेजच्या दिवसांत ते रबरबँडवर उडणारी विमानं बनवायचे. सहा वर्षांनी एकदा घाटात चहाला थांबलो असताना मी त्यांना ही टॅकोमीटरची गोष्ट सांगितली. त्यांनी बिस्किटाच्या पुड्याचा कागद उलटा केला आणि खिशातली पेन्सिल काढली.

“व्यास चारदा गुणायचा, वरून एकदा पिचने,” ते म्हणाले. “इंजिनावर पडणारा भार त्या हिशेबाने. कर.”

मी केलं. तेरा चार वेळा म्हणजे २८,५६१. गुणिले आठ, २,२८,४८८. चौदा चार वेळा म्हणजे ३८,४१६. गुणिले सहा, २,३०,४९६. दोन्हींत शंभरात एकाचाही फरक नाही.

“म्हणून तुझा आकडा हलला नाही,” काका म्हणाले. “इंजिनाला दोन्ही सारखेच. अरे, इंजिनाला काय लागतं ते तू बघितलंस. विमानाला काय लागतं, ते कुणी बघायचं?”

हा हिशेब ढोबळ आहे. पात्याची रुंदी बदलली, जाडी बदलली, कंपनी बदलली की तो हलतो. पण त्याने माझ्या डोक्यातली एक गाठ सुटली. इंजिन पंखा निवडू शकत नाही. इंजिन फक्त भाराची एक मर्यादा सांगतं : एवढा भार दे, मी एवढे फेरे देईन. त्या एकाच भारात बसणारे पंखे तीन-चार असतात आणि त्यांच्यातून निवडायचं असतं ते विमानाच्या स्वभावाकडे बघून. मी सहा वर्षं टॅकोमीटरकडे बघत होतो, आणि टॅकोमीटरला विमान दिसतच नाही.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही ताणकाटा घेऊन गेलो, भंगारवाले वापरतात तसला. जमिनीत खुंटी ठोकली, खुंटीला काटा, काट्याला कबची शेपटी बांधली आणि फुल थ्रॉटल दिला. तेरा बाय आठने सव्वातीन किलोची ओढ दाखवली. चौदा बाय सहाने पावणेचार. फेरे तेच, तेल तेच, इंजिन तेच, आणि अर्धा किलो ओढ जास्त.

हे असं का, याचं उत्तर शोधताना मी राइट बंधूंपर्यंत जाऊन पोचलो. १९०३ सालच्या त्यांच्या विमानाला जेमतेम बारा अश्वशक्तीचं इंजिन होतं, पण पंखे केवढे, तर साडेआठ फूट व्यासाचे, आणि तेही दोन. स्प्रूस लाकडाचे थर चिकटवून हातांनी तासलेले. सायकलीसारख्या साखळ्या लावून त्यांनी इंजिनाचे फेरे उतरवले आणि हे पंखे मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फिरवले. कमी जोर हाती असेल तर थोड्या हवेला जोरात ढकलण्यापेक्षा पुष्कळ हवेला हळू ढकललेलं फायद्याचं, हे त्यांनी ओळखलं होतं. जहाजाच्या पंख्यांची गणितं त्यांच्या उपयोगी पडेनात, तेव्हा त्यांनी ठरवलं की पंखा म्हणजे गोल फिरणारा पंखच समजायचा आणि पंखाचे नियम त्याला लावायचे. आपल्या भाषेत हे दोन शब्द एकाच घरातले आहेत. मी ते रोज वापरत होतो आणि एकदाही जोडून बघितले नव्हते.

पंख म्हटलं की पुढचं सगळं उलगडतं. पंखाचं नाक फार वर उचललं तर हवा त्याच्या पाठीवरून सुटते आणि तो कोसळतो. जास्त पिचच्या पात्याचं तसंच होतं. तेरा बाय आठचं पातं, टोकाच्या थोडं आत मोजलं तर, साडेचौदा अंशांच्या आसपास तिरकं असतं. चौदा बाय सहाचं दहा अंशांच्या जरा वर. विमान जमिनीवर उभं असताना किंवा हळू चालत असताना ते जास्त तिरकं पातं हवेला चावण्याऐवजी घुसळतं. विमानाने वेग घेतल्यावरच समोरून येणारी हवा त्याला मानवते. कात्रजच्या चढाला गाडी चौथ्या गिअरमध्ये उचलायची, तसलं ते काम. रेसच्या विमानाला तेरा बाय आठ शोभून दिसेल, कारण ते तसल्या वेगात जगतं. माझी कब ताशी पन्नास-साठने फिरणारी. तिला ११०चं आमिष दाखवून मी काय मिळवत होतो?

आणि उतरणं. मला आजही सगळ्यात जास्त आवडतो तो हिशेब उतरण्याचा आहे, कारण त्याने माझ्यावरचा एक जुना आरोप पुसला. थ्रॉटल पूर्ण खाली घेतला तरी पंखा थांबत नाही, आयडलिंगला माझं इंजिन अडीच हजारांवर फिरतं. अडीच हजार गुणिले आठ इंच म्हणजे ताशी तीस किलोमीटर. माझी कब हवा सोडते तीही तिशीच्याच आसपास. म्हणजे मी तिला खाली बसवायला बघत होतो आणि तो पंखा तिला बरोबर उडत राहण्यापुरता हात देत होता. सहा इंचाचा पंखा त्याच आयडलिंगला तेवीसच देतो. विमान पस्तिशीने खाली येत असतं, पंखा तेविशीने फिरत असतो, आणि तो चौदा इंचांचा अख्खा गोल वाऱ्यासमोर धरलेल्या सुपासारखा तिला मागे ओढतो. बाभळींवरून आली की ती आपली आपण बसते. पहिल्याच रविवारी बांधाच्या वीस पावलं आत थांबली.

पंखा निवडताना सगळे उड्डाणाचा विचार करतात. मी म्हणतो, आधी आपली पट्टी मोजावी.

एवढं कळल्यावर माणूस दुसऱ्या टोकाला जातो, तसा मीही गेलो. व्यास वाढवून फायदा होत असेल तर आणखी वाढवू, पिच आणखी कमी करू. पंधरा बाय चार. ताणकाट्यावर तो चौदा बाय सहालाही मागे टाकतो आणि मार्गशीर्षातल्या शांत सकाळी त्याच्यासारखं सुख नाही. कब शंभर फुटांवर इतकी सावकाश फिरते की खालची शेळ्या राखणारी मुलं तिच्यासोबत चालत जातात. मग ज्येष्ठ आला. पावसाआधीचा पश्चिमेचा वारा माळावर कसा सुटतो ते ज्याने अनुभवलंय त्याला सांगायला नको. विमान वाऱ्याबरोबर बागेच्या पलीकडे गेलं, मी वळवलं, आणि वळल्यावर ते तिथेच उभं राहिलं. फुल थ्रॉटल, इंजिन जीव तोडून ओढतंय आणि विमान जागचं हलत नाही. चार इंचाचा पंखा नऊ-साडेनऊ हजार फेऱ्यांना ताशी सत्तावन्नच्या पुढे जाऊ शकत नाही, आणि वर वारा त्याच्या जवळपासच वाहत असावा. नाक खाली घालून, उंची विकून विकून वेग मिळवला आणि तिला घरी आणली. टाकीत तेल थेंबभर राहिलं होतं. तो पंखा आता शांत सकाळींसाठीच बाहेर निघतो.

पंधरा बाय सहाबद्दल थोडक्यात सांगतो. तोच गुणाकार केला तर भार तीन लाखांच्या वर जातो, चौदा बाय सहाच्या सव्वापटीहून जास्त. इंजिन ओढतं, पण फेरे आठ हजारांपर्यंत उतरतात, ते तापतं, आणि गवतात पात्याची टोकं घासतात. तीन पात्यांचा पंखा लढाऊ विमानांना देखणा दिसतो आणि चालतोही, व्यास इंचभर कमी करावा लागतो एवढंच. कबच्या नाकावर तो मला बघवत नाही.

फोर-स्ट्रोकची एक खोड सांगायला हवी, कारण ती धोक्याची आहे. स्फोट दोन फेऱ्यांत एकदाच होत असल्याने प्रत्येक स्फोटाचा धक्का मोठा असतो, आणि मधल्या रिकाम्या फेऱ्यात शाफ्टला फिरतं ठेवायचं काम पंख्याच्या वजनाचं. अगदी हलका लाकडी पंखा लावला की आयडलिंग अडखळतं. चालू करताना तेल जास्त झालेलं असलं तर इंजिन उलटा झटका मारतं. आणि नीडल, म्हणजे कार्ब्युरेटरमधला तेल कमी-जास्त करणारा स्क्रू, जास्त कसली आणि मिश्रणात तेल कमी पडलं, तर स्फोट अवेळी होतो, शाफ्ट जागच्या जागी अडतो आणि पंखा आपल्या वेगात पुढे फिरून स्वतःचाच नट सोडवतो. माझ्याकडून हे एकदा घडलं. दोनशे फेरे आणखी मिळावेत म्हणून मी नीडल एक टिचकी जास्त बंद केली. कडक असा एकच आवाज झाला आणि समोर पंखा नव्हता. आम्ही सगळे विमानाच्या मागे होतो म्हणून निभावलं. तो पंधरा पावलांवर ढेकळांत उभा रुतलेला सापडला, नांगराच्या फाळासारखा.

त्या दिवसापासून नटावर चेकनट. लेथवर काम केलेल्या माणसाला दुसऱ्या नटाचं महत्त्व दुसऱ्याने सांगायला लागू नये, पण मला ते त्या ढेकळांनी सांगितलं. नीडल आता मी उलटी लावतो : आधी सगळ्यात जास्त फेऱ्यांची जागा शोधायची आणि तिथून दोन-तीनशे फेरे खाली येईपर्यंत ती उघडायची. हवेत गेल्यावर पंख्यावरचा भार हलका होतो, फेरे आपोआप वाढतात, ती जागा त्यांच्यासाठी सोडायची. लाकडी पंख्याचा नट दर वेळी तपासायचा, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि फाल्गुनात आकसतं. आणि फिरत्या पंख्याच्या रेषेत, बाजूला, कुणालाही उभं राहू द्यायचं नाही. लहान मुलांना तर नाहीच.

टॅकोमीटरने मला आणखी एकदा चकवलं, आणि या वेळी कारण आपलं पुणंच होतं. गेल्या मे महिन्यात पुतण्या मुंबईहून आला होता. त्याला फक्त दुपारच मोकळी होती, म्हणून भर उन्हात माळावर गेलो. फेरे बघितले : नऊ हजार शंभर, डिसेंबरात होते तेवढेच. निर्धास्तपणे सोडली, तर कब पट्टी संपत आली तरी उठेना. उठली ती बांधापाशी, आणि वर चढताना दमल्यासारखी. परत आल्यावर शेपटीला ताणकाटा लावला. साडेतीन किलोच्या जरा खालीच.

घरी येऊन हिशेब मांडला. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. तेवढ्या उंचीनेच हवा पाच टक्के विरळ होते आणि आमचा माळ तर घाटाच्याही वर. त्यात डिसेंबरच्या सकाळी बारा अंश आणि मेच्या दुपारी अडतीस, म्हणजे हवा आणखी आठ टक्क्यांनी पातळ. पातळ हवेत इंजिनाचा जोर कमी होतो. पण पंख्याला तीच पातळ हवा कापायची असते, त्यामुळे त्याचा भारही तेवढाच कमी होतो. दोन्ही एकदमच उतरतात आणि फेरे जिथल्या तिथे राहतात. आकडा खरा असतो. विमान पुढे ओढायला जी हवा लागते, तीच कमी झालेली असते.

हे कळल्यावर मी पेटीच्या झाकणावर आतून पेन्सिलीने लिहून ठेवलंय : मेमध्ये दहाच्या आत उडवणे, टाकी अर्धी भरणे, पंखा तोच.

तो पंखा आता झिजला आहे. सहा वर्षं पेटीत पडून होता तेव्हा नवा राहिला आणि नंतरच्या तीन वर्षांत गवताने, खड्यांनी त्याची टोकं खाल्ली. फायबरच्या पंख्याला चीर दिसली की तो चिकटवायचा नसतो, तोडून टाकायचा असतो, म्हणजे चुकूनसुद्धा कुणी लावत नाही. अजून चीर नाही, पण वाट बघण्यात अर्थ नाही. गेल्या महिन्यात दुसरा चौदा बाय सहा मागवला. एकदा एका दुकानदाराने मधलं भोक हाताच्या ड्रिलने मोठं करून दिलेला पंखा मला विकला होता. भोक केसभर सरकलेलं होतं, आणि त्या केसभर सरकण्याने विमान थरथरून आतल्या रिसीव्हरच्या, म्हणजे रिमोटचे इशारे पकडणाऱ्या डबीच्या, वायरी सैल झाल्या. तेव्हापासून भोक मी स्वतः रीमरने, हाताने, हळूहळू वाढवतो.

परवा रात्री जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसलो. आधी पात्यांच्या मागच्या कडा. साच्यातून आलेल्या त्या कडा ब्लेडसारख्या असतात. बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून त्या मारल्या. मग रीमर. मग पंखा बारीक दांडीवर ओवून दोन टेकूंवर ठेवला आणि लेकीला म्हटलं, वरचा पंखा बंद कर. उकाडा मरणाचा होता, पण एवढ्याशा वाऱ्यानेही पातं हलतं.

एक पातं हळूच खाली गेलं आणि लंबकासारखं झुलून थांबलं. जड पातं ते. त्याच्या टोकाकडे पेपरचे दहा हात मारले, पुसलं, परत ठेवलं. परत तेच खाली, पण या वेळी जरा विचार करून. पुन्हा दहा हात. लेक ओट्याला कोपर टेकवून बघत होती. पांढरी बारीक भुकटी माझ्या बोटांच्या रेघांत बसली होती. सातव्या-आठव्या खेपेला पंखा आडवा ठेवला तो आडवाच राहिला. तिने फुंकर मारली. तो पाव फेरा फिरला आणि तिरका थांबला. मी उभा करून बघितला, कारण मधला गोल एका अंगाने जड असेल तर उभा राहिलेला पंखा कलतो. तो उभाच राहिला. आम्ही दोघं काही न बोलता त्याच्याकडे बघत होतो.

“बाबा, आता पंखा लावू?” तिने वर बघत विचारलं.

“लाव,” म्हटलं, आणि चेकनट शोधायला उठलो.